पॉज होता, बाबा!

...आणि वर मलाच म्हणते, तोंड उघडायचं नाही! मला! अहो, तुम्हाला सांगतो, मी बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसणारा माणूस. बोलण्याचा पगार मिळतो मला! सकाळी खिडकीची झडप वर केली की जीभ सुरू, ती संध्याकाळी झडप खाली होईपर्यंत... आणि झडप खाली झाली तरी जीभ कुठे थांबते, ती येते की घरी माझ्याबरोबर! माणूस खिडकीशी येतो, "अहो, ती गाडी..." एवढंच म्हणतो, की मी, "गेली! पुढची मागच्या फलाटावर, तिकीट आतच मिळेल, पळा!" प्रश्न पुरा होऊ द्यायचा नाही, हेच तर आमच्या खिडकीचं कसब. पुरा ऐकत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल हो! नुसता चेहरा बघितला की मला कळतं, याचं वाक्य कुठे जाऊन संपणार. आणि अशा माणसाला पोटची पोर सांगते, दिवसभर तोंड उघडायचं नाही!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कुठून कुठे चाललाय. कॉमिक्सचा मेळावा होता. हो, कॉमिक्सचा! मोठ्ठं प्रदर्शनाचं सभागृह, एरवी तिथे फर्निचर विकतात, त्या दिवशी नुसती चित्रांची पुस्तकं, चित्रकार, बाहुल्या, आणि ते कॉस्प्लेवाले. कॉस्प्ले म्हणजे काय, तर आपल्याला आवडलेल्या पात्राचे कपडे शिवायचे, चढवायचे, आणि दिवसभर त्या पात्रासारखं वागत हिंडायचं. लहान मुलं नव्हेत, चांगली घोडी! आमच्या दातांची डॉक्टरीण मला तिथे पाठीला पंख लावून सँडविच खाताना दिसली. आता माझी दाढ तिच्याकडे अर्धवट भरलेली, त्या पंखांकडे बघून मला कसा भरवसा वाटावा?

तर आमच्या लेकीला हे वेड. आणि हे वेड आलं कुठून? माझ्याकडून! 'धूम्रगड' नावाच्या कॉमिकचे सगळे अंक माझ्या खोक्यात होते, मी जपलेले. ती एवढीशी होती तेव्हा मांडीवर बसवून मीच वाचून दाखवायचो. ती चित्रावर बोट ठेवायची, "बाबा, आता हा..." की मी, "आता हा पडणार! खंदकात!" किती मजा यायची. म्हणजे मला यायची. तिला येत नव्हती असं ती आता, कॉलेजात गेल्यावर म्हणते.

आता गेल्या वर्षीचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गेल्या वर्षी काय झालं? काही झालं नाही! मी मदत केली! ती आणि तिचे मित्र मिळून 'धूम्रगड'मधला प्रवेश करत होते स्पर्धेत. ही कंदिलवाली झालेली. हातात कंदील, अंगावर फाटकी शाल, आणि त्या गडाच्या पहारेकऱ्याला म्हणते, "दार उघड, पहारेकऱ्या. माझ्यामागे चोर आहेत, माझ्यापुढे अंधार आहे, आणि माझ्या हातात..." आणि थांबली. थांबली हो! सगळं सभागृह गप्प. मी तिसऱ्या रांगेत. म्हटलं विसरली पोर! आता बापाने काय करायचं? बघत बसायचं? मी उठून उभा राहिलो आणि आमच्या खिडकीच्या आवाजात, तो आवाज पार शेवटच्या फलाटावर जातो हं, ओरडलो, "एवढाच उजेड आहे! उजेड! उजेड म्हण!"

सभागृह फुटलं. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. कंदील हातात धरून ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि घरी येईपर्यंत चकार शब्द नाही. घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता एकच वाक्य. "पॉज होता, बाबा!" पॉज! म्हणजे मुद्दाम थांबली होती! परिणाम साधायला! आता मला सांगा, माणूस वाक्याच्या मधे मुद्दाम कशाला थांबेल? आमच्या खिडकीशी असं कुणी थांबलं तर मागचा माणूस ढकलून देईल त्याला!

तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची बंद. अगदी बंद नाही, पण आपलं "हो", "नाही", "आईला विचार". वर्षभर! घरात बोलणारी माणसं दोन, एक मी आणि एक ती, त्यातलं एक माणूस गप्प झालं की दुसऱ्याला किती बोलावं लागतं, विचार करा. खोलीचं दार लावून आत तालीम करायची आणि मी बाहेर पाण्याचा पेला हातात धरून उभा. पाणी प्यायला नव्हे, ऐकायला. दाराआडून सगळा प्रवेश पाठ झाला माझा.

आणि मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा लांबू पाय मोडून बसला. लांबू म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात उंच पोरगा, तो पहारेकरी होणार होता. फुटबॉल खेळायला गेला होता, स्पर्धा उद्यावर आलेली असताना! चिलखत तयार, शिरस्त्राण तयार, आत घालायला उंच माणूस नाही. आता उंच माणूस घरात कोण आहे? रात्री जेवताना ती आईला म्हणते, "आई, बाबाला विचार, उद्या मोकळा आहे का." मी समोर बसलोय! आमटीची वाटी माझ्या हातातून तिच्याकडे जातेय! बायको मला म्हणते, "अहो, उद्या मोकळे आहात का, विचारतेय." मी म्हटलं, "तिला सांग..." म्हणजे बघा, मीही सांग म्हणायला लागलो!

पण एक अट. कोणती? तोंड उघडायचं नाही! कारण धूम्रगडचा तो पहारेकरी मुका. सगळ्या अंकांत एक शब्द बोललेला नाही. फक्त काठी आपटतो. एक ठोका म्हणजे 'थांब', दोन ठोके म्हणजे 'जा', आणि तीन ठोके म्हणजे 'मी ऐकतोय'. "आई, बाबाला ठोके समजावून सांग." मी म्हटलं, "मला? अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी हे..." "आई, बाबाला सांग, हेच. हेच करायचं नाही उद्या." आणि स्पर्धेचा नियम असा वाकडा, की फक्त स्टेजवर नाही, फाटकातून आत पाय टाकल्यापासून पात्रासारखंच वागायचं. परीक्षक साध्या कपड्यांत गर्दीत फिरत असतात म्हणे! कोण ते सांगत नाहीत. येऊन गप्पा मारतात, मुद्दाम डिवचतात. मुका पहारेकरी एक अक्षर बोलला की आख्खा ग्रुप बाद! मग मात्र ती पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, या वेळी बाद झालो ना, तर मी पुन्हा कधी स्टेजवर जाणार नाही." आणि मला दिसत होतं तिचं वाक्य तिथे संपलेलं नाही, पुढे आहे काहीतरी, मी बोलणारच होतो ते... पण बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला.

तर सकाळी मला पॅक केला. पॅकच! ती व्यायामाची फोमची चटई असते ना, ती कापून, तापवून, वाकवून, वर रंग देऊन चिलखत. पाठीमागून पट्टे आवळलेले, आपले आपल्याला सुटत नाहीत. आणि डोक्यावर शिरस्त्राण म्हणजे माझंच जुनं स्कूटरचं हेल्मेट, वरून फोम, पुढे काळी जाळी. आत गोंदाचा वास, माझा घाम, आणि माझ्या डोक्यात साठलेलं सगळं बोलणं!

फाटकाशीच पहिला घाला. तिथला सिक्युरिटीवाला माझी काठी हातात घेतो, उलटी करतो, खालच्या टोकाला लाकडी बोंडूक होतं, गोल गठ्ठ्यासारखं, ते ठोकून बघतो. "कडक वस्तू आत नाही. काढा हे." काढा? अहो, त्या बोंडकाचाच तर आवाज! बाकी काठी म्हणजे प्लास्टिकचा पाइप आणि फोम! मी घसा खाकरून आता दोन शब्द सांगणार... तोंड उघडायचं नाही! कन्या म्हणते, "काढा, चालेल." कसं चालेल? मी डोकं जोरजोरात हलवतोय, नाही नाही नाही, तर तिची मैत्रीण, ती चष्मिस, म्हणते, "बघ ना काका कसे मस्त ॲक्टिंग करतायत!" निघालं बोंडूक. टाकलं त्याने पेटीत. मुका पहारेकरी आणि आता काठीही मुकी!

आत गेलो, आणि तिथून जी छळवणूक सुरू झाली म्हणता! तुम्हाला सांगतो, पहारेकऱ्याचे कपडे घालून गर्दीत उभं राहिलं की लोक काय समजतात? वॉचमन! "ओ वॉचमन, बाथरूम कुठेय?" "वॉचमन, खाण्याचे स्टॉल कुठल्या बाजूला?" आणि मला सगळं माहीत! आल्या आल्या भिंतीवरचा नकाशा बघून ठेवलेला, सवय आहे ती! शेजारी त्या मेळाव्याचा बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक उभा, तो लोकांना सांगतोय, "बाथरूम? बहुतेक डावीकडे असेल." बहुतेक? असेल? अहो, डावीकडे गोदाम आहे! माझ्या डोळ्यांदेखत माणसं डावीकडे जातायत, लेकरं कडेवर घेऊन घाईघाईने जातायत, तशीच परत येतायत, आणि मी काठी धरून उभा. हेल्मेटच्या आत जीभ दातांवर आपटतेय. आयुष्यात इतकं चुकीचं मार्गदर्शन मी गप्प बसून कधी बघितलं नव्हतं!

आणि परीक्षकाची धास्ती वेगळीच. कोण असेल? हा फुगेवाला? ही झाडूवाली? एक राखाडी स्वेटरवाला माणूस सारखा माझ्या मागे. मी इकडे, तो इकडे. मी तिकडे, तो तिकडे. म्हटलं हाच! हाच तो! येऊन म्हणतो, "किती वाजले हो?" बघा! डिवचतोय! मी ताठ. "साहेब, किती वाजले?" मी एक ठोका मारला, 'थांब', पण आवाज आला फुस्स. तो म्हणाला, "एक वाजला? बाप रे!" आणि पळाला. कसला एक, अजून अकराही वाजले नव्हते! त्या माणसाचं दिवसभरात काय काय चुकलं असेल, मला अजून रुखरुख आहे.

बरं, हे परके झाले. घरचे काय कमी? बायको होती ना पाणी पाजायला. हेल्मेटच्या खालून नळी सरकवायची आणि मी ओढायचं, एवढंच तिचं काम. पण तिच्या लक्षात आलं, की या माणसाला आज बोलता येत नाही! वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिला अशी संधी आली नव्हती. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि अगदी गोड आवाजात, "अहो, पुढच्या महिन्यात ताई येऊ का म्हणतेय राहायला. येऊ दे ना?" मी गप्प. "नाही कसं म्हणाल तुम्ही, म्हणा! आणि आपले हॉलचे पडदे बदलूया का? चॉकलेटी?" आता ते हेल्मेट एवढं जड, की दर थोड्या वेळाने मान आपोआप पुढे झुकते. झुकली! "हो म्हणाले!" ही चष्मिसला सांगतेय, "तू बघितलंस ना गं, मान हलवली!" साक्षीदारसुद्धा केली! चॉकलेटी पडदे! आमचा हॉल आधीच अंधारा! मी आतून तडफडतोय आणि ही पुढे विचारतेय, "आणि तुमचं ते जुनं टेबल विकून टाकूया ना?" मी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून ठेवलं, हलूच नये म्हणून.

त्यात एक आजीबाई आल्या. खांद्याला पिशवी, पायात कापडी बूट, चेहऱ्यावर घाई. "वॉचमनदादा, बाथरूम कुठेय हो? तो पोरगा डावीकडे म्हणतो, तिकडे तर नुसती खोकी आहेत." आता आली का पंचाईत! ही परीक्षक? शक्यच नाही. ही बिचारी खरी अडलेली! वयाने मोठ्या, चेहरा कासावीस, आणि चौकशीच्या खिडकीतल्या माणसासमोर उभ्या! माझ्या तोंडात वाक्य तयार, "सरळ जा, पुस्तकांचा पिवळा स्टॉल लागला की उजवीकडे, जिना उतरू नका, तिथे पुरुषांचं आहे!" ओठांपर्यंत आलं... आणि समोर, लांब, लेक माझ्याकडे बघत होती. कंदील छातीशी धरून. तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, झालं, बोलला बाबा.

मी गिळलं ते वाक्य. अख्खं गिळलं. आणि मग काठी उचलली, दोन बोटं चालवून सरळ रस्ता दाखवला, पिवळं कसं दाखवायचं म्हणून शेजारच्या एका बाईंच्या पिवळ्या पर्सकडे बोट केलं, त्या दचकल्या, मग उजवा हात, मग जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं करून हात आडवा, नाही नाही, मग मिश्यांना पीळ, म्हणजे तिथे पुरुष! आजीबाई नीट बघत होत्या, मान डोलवत होत्या, आणि मी हात खाली केल्यावर बरोब्बर तिकडे गेल्या. पण इतका वेळ लागला हो! एका माणसाला! एवढ्या वेळात मी खिडकीत अख्खी रांग उडवली असती!

आणि मग आमचा नंबर पुकारला.

स्टेजवर गालिचा. जाड, मऊ, पाय रुतेल असा. मी काठी टेकवून बघितली... काही नाही. कापसात टेकवल्यासारखी. मला घाम फुटला, म्हणजे आधीचा होताच, त्यावर दुसरा फुटला. प्रवेशात सुरुवातीलाच पहारेकरी एक ठोका मारतो, 'थांब'. मारला. ऐकूच आला नाही. मग मी हात आडवा केला, भागलं. चष्मिस आणि ग्रुपमधला एक च्युइंगम चघळणारा पोरगा, हे दोघं चोर, ते आले, लपले. मग ही आली, कंदील घेऊन. दिवे मंद झाले. सगळं सभागृह काळोखात आणि तिच्या तोंडावर तेवढा तो कंदिलाचा पिवळा उजेड. गोड दिसत होती हो माझी पोर! आणि बोलायला लागली. माझ्याकडे बघून. माझ्याकडे, तुम्हाला सांगतो, वर्षभरात पहिल्यांदा इतकी वाक्यं सलग माझ्याकडे बघून!

"मी रस्ता चुकले नाही, पहारेकऱ्या. रस्ता मीच सोडला. कारण त्या रस्त्यावर भेटेल तो मला सांगत होता, इकडे जा, तिकडे जा. सांगणारे सगळे होते, पण..."

आणि थांबली.

थांबली! पुढचं वाक्य मला पाठ, 'पण ऐकणारा कुणीच नव्हता'. दाराआडून शंभरदा ऐकलेलं. पण ही थांबलीय! आता हा पॉज आहे का? पॉज असेल! तालमीत इथे पॉज होता? होता. एवढा होता? दाराआडून कळत नव्हतं हो, मला वाटायचं ती पाणी पितेय! थांबलेलीच. लोक खाकरायला लागले. पॉज एवढा लांब असतो? मी जाळीतून तिच्या डोळ्यांकडे बघतोय. माणसाचा चेहरा बघून वाक्य ओळखणारा मी, आणि स्वतःच्या लेकीच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येईना! मग कंदिलाकडे बघितलं. हलत होता. उजेड तिच्या गालावर थरथरत होता. गेल्या वर्षी हलत नव्हता. गेल्या वर्षी घट्ट होता हात!

आता काय करू? 'ऐकणारा!' एवढंच पुटपुटलो तर? हेल्मेटच्या आतल्या आत? पण दोघांच्या मधे माईक उभा, त्यात श्वाससुद्धा ऐकू जातोय. बोललो तर ग्रुप बाद, आणि ती पुन्हा कधी स्टेजवर जाणार नाही. नाही बोललो तर ती आत्ता माझ्यासमोर बुडतेय. आणि आतून माझं डोकं ओरडतंय, तोंड उघडायचं नाही! तोंड उघडायचं नाही! तोंड...

मी काठी आपटली. तीन ठोके. फुस, फुस, फुस. तिला कळलंसुद्धा नाही. बूट आपटले, बूटही फोमचे! सगळ्या अंगावर वाजणारी एक वस्तू नाही! आणि मग मला आठवलं, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट आहे. कपाळावरचा फोम घामाने केव्हाच सुटला होता. मी मूठ वळली आणि स्वतःच्या डोक्यात हाणली. ठक! ठक! ठक!

सभागृहात हशा. अगदी गडगडाट! म्हटलं मेलो. गेल्या वर्षी आवाजाने बुडवलं, या वर्षी डोक्याने. पण ती... तिने माझ्याकडे बघितलं. आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. तीन ठोके. 'मी ऐकतोय'. कंदील थांबला हो थरथरायचा. लोकांचं हसू ओसरेपर्यंत ती थांबली, हा मात्र पॉज होता, एवढं मलाही कळलं, आणि मग अगदी हळू म्हणाली,

"सांगणारे सगळे होते, पण ऐकणारा इथे उभा होता."

अहो, हे वाक्यच नव्हतं! असं नव्हतंच लिहिलेलं! मी पाठ केलंय, मला माहीत आहे! वाक्य तिकडे जायला हवं होतं, ते भलतीकडेच जाऊन संपलं! जाळीच्या आत माझे डोळे असे भरून आले, की पुढचं मला दिसेना. पुसणार कसे? हेल्मेट! पुढे दोन ठोके मारून 'जा' म्हणायचं होतं, ते मी दिसत नसताना अंदाजाने डोक्यात हाणले. दुखतंय अजून, हे बघा, इथे.

दुसरा नंबर आला. पहिला एका ड्रॅगनला मिळाला, तो दारातून आत मावेना म्हणून एका बाजूची पडद्याची भिंत काढून आणला होता, त्याला कोण हरवणार? पण निकाल सांगायला मुख्य परीक्षक म्हणून कोण चढावं? कापडी बूट! पिशवी! आजीबाई! माईकवर म्हणतात, "मला आयुष्यात बाथरूमचा रस्ता इतका स्पष्ट कुणी बोलूनही सांगितला नव्हता." टाळ्या! तो राखाडी स्वेटरवाला तिथे वायरी गुंडाळत होता, इलेक्ट्रिशियन निघाला. माझ्याकडे बघून म्हणतो, "तुमच्यामुळे मी दोनदा जेवलो."

परत येताना माझे पट्टे लेकीने सोडले. हेल्मेट काढलं. वारं लागलं तोंडाला. दिवसभराचं सगळं साठलेलं, बाथरूम, गोदाम, चॉकलेटी पडदे, सगळं एकदम बाहेर यायला दारात उभं! मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "बाबा, आज किती छान बोललास रे."

मी तोंड मिटलं. मग तीच बोलत राहिली, घरी येईपर्यंत, थेट माझ्याशी. लांबूचं, कॉलेजचं, कुणाशी भांडण झालंय त्याचं, पुढे काय शिकायचंय त्याचं... वर्षभराचं! मी आपला मांडीवरच्या हेल्मेटवर अधूनमधून ठक ठक ठक. शेवटी न राहवून एकच विचारलं, "ते स्टेजवर... विसरली होतीस का पॉज होता?" तर गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत हसली. "ओळख!" म्हणाली. अजून सांगत नाही!

आणि आता काय झालंय, तो नियम घरात लागू झालाय. हेल्मेट जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाशेजारी. कुणी बोलायला लागलं, की मी मधे पडायचं नाही, तीन ठोके मारायचे आणि ऐकायचं. लेक रोज बोलते, बोलू दे, त्याचं मला काही नाही, तिच्यासाठी डोकं फुटेस्तोवर ठोके मारीन. पण बायकोही शिकलीय ना ते! मेहुणीबाई येऊन राहिल्यात, त्याही शिकल्या! तिघींसमोर मी आणि हेल्मेट, मागे चॉकलेटी पडदे, आणि काय ते... हो, तोंड उघडायचं नाही!

म्हणून तर तुम्हाला सांगतोय. दुसरीकडे सांगू कुठे? तुम्ही भली माणसं, मघापासून एक शब्द मधे बोलला नाहीत, असे ऐकणारे मिळत नाहीत आजकाल... अहो? ऐकताय ना? का हा पॉज आहे?

...निदान तीन ठोके तरी द्या हो.